तोंड बंद, शिवण उघडी

४ तारीख, सोमवार

आजपासून माझं तोंड बंद. माझ्या पोराने तसा हुकूमच काढलाय. शाळा उघडेपर्यंत गिऱ्हाइकाशी एक अक्षर बोलायचं नाही. दुकानात बसायचं, बटणं लावायची, आणि पोटात जे काही उसळेल ते वहीत लिहून काढायचं. नातीने लगेच तिची कोरी वही आणून दिली, जणू बापलेकीचं आधीच ठरलं होतं. चौथीत शाळा सुटली तेव्हापासून मी सहीपलीकडे फारसं काही लिहिलेलं नाही. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पण वाचायला कोण येतंय?

गुन्हा काय माझा, तर शनिवारी एक बाई आली, पोरासाठी शाळेची पँट मागायला लागली. पोराच्या अंगावरची पँट आमचीच, गेल्या साली शिवलेली. मी म्हटलं, "अहो बाई, नवी कशाला? आत चार बोटं माया आहे. उसवा, खाली सोडा, वर्षभर सहज निघेल." माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. वाढतं पोर आहे, कपडाही थोडा वाढायला नको का? सासऱ्यांपासून आमच्या दुकानात चार बोटं ठेवायची रीत आहे. बाई खूश होऊन गेली. माझा पोरगा खूश झाला नाही.

"आई, आपण दुकान टाकलंय की पाणपोई?"

"मी काय फुकट दिलं? तिचंच कापड तिला दाखवलं."

"तेच म्हणतोय मी!"

त्याचंही अगदीच खोटं नाही. खाली दुकान, वर शिवणाची खोली. मास्तर कापतात, सूनबाई आणि दोघी जणी शिवतात, काजवाली काजं करते, बटणं माझी. शाळांचे गणवेश, दुसरं काही नाही. आणि गेल्या वर्षी चौकात ते काचेचं दुकान उघडलं. तयार गणवेश, जवळजवळ निम्म्या किमतीत. त्यांना माल पुरवणारा माणूस आता आमच्याकडे येतो. म्हणतो, शिवणं बंद करा, माझाच माल विका, सुखात राहाल. शाळा उघडेल त्या दिवशी त्याला हो की नाही सांगायचंय. हो म्हटलं तर वरची मशिनं विकणार आणि खोलीचं गोदाम होणार. मास्तर, काजवाली आणि त्या दोघी घरी. सूनबाई खोकी मोजणार.

आणि मी? बटणं तर तिकडूनच लागून येतात.

६ तारीख, बुधवार

दोन दिवस मूग गिळून बसलेय. एक ओळखीची बाई म्हणाली, "आजी आज गप्प कशा? बरं नाही का?"

पोरगा म्हणाला, "घसा बसलाय तिचा."

मी त्याच्याकडे असं बघितलं की मोजपट्टी त्याच्या हातातून गळून पडली. बोलायला बंदी आहे, बघायला नाही.

९ तारीख, शनिवार

माल पुरवणारा आला होता. मी त्याचं नाव गोडबोल्या ठेवलंय. दारातूनच हात जोडतो, मला "माताजी" म्हणतो, बूट असे चकाचक की त्यात तोंड दिसावं. आपला एक ट्युनिक नमुन्याला टेबलावर ठेवून गेला. वरून बघाल तर दृष्ट लागेल. रंग झकास, इस्त्री कडक.

तो गेल्यावर मी ट्युनिक उलटा केला. कपडा उलटा केल्याशिवाय कळत नाही, माणसाचं माहीत नाही. खाली दुमड जेमतेम एक बोट. शिवणीत माया म्हणावी तर नखाएवढी. टीप संपते तिथे दोरा तसाच लोंबतोय. जिने कुणी हे शिवलं तिला शेवटची गाठ मारायलाही उसंत दिलेली नाही. मला तिचा राग नाही आला. तिच्या मालकाचा आला.

नात म्हणाली, "आजी, हे प्लास्टिकच्या धाग्याचं कापड आहे. फाटलं की फेकतात, आणि फेकलं तरी कुजत नाही." कॉलेजात ती हेच शिकते. म्हणते, विकत घेणाऱ्यांनी प्रश्न विचारले की विकणाऱ्यांना सुधारावंच लागतं. कुठे केलं, कुणी केलं, किती टिकेल, असं विचारायचं म्हणे.

मी म्हटलं, "बाई गं, प्रश्न विचारायला तोंड लागतं. माझं तुझ्या बापाने शिवून टाकलंय. आणि बायका बाजारात येतात त्या पोराला कडेवर आणि पिशवीला हातात घेऊन. त्या कधी विचारणार, कुणी शिवलं म्हणून?"

"म्हणूनच कुणीतरी सुरुवात करायला हवी."

लहान आहे. बोलू दे.

१२ तारीख, मंगळवार

आज मोठी गंमत झाली, पण मी शब्द मोडलेला नाही, हे आधी लिहून ठेवते.

एक बाई मुलीला घेऊन आली. पोराला म्हणाली, "दादा, चौकात हेच निम्म्यात मिळतं. तुमच्यात असं काय वेगळं?"

पोरगा म्हणाला, "क्वालिटी आहे, ताई."

असं का कुणी सांगतं? तो गोडबोल्याही क्वालिटीच म्हणतो. माझ्या जिभेला नुसत्या मुंग्या आल्या. शेवटी उठले, त्याचा नमुना घेतला, उलटा केला, टेबलावर पसरला. शेजारी आमचा ट्युनिक उलटा करून पसरला. आणि परत येऊन सुई ओवायला बसले. तोंडातून हूं का चूं नाही.

बाईने एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. मग तो लोंबता दोरा चिमटीत धरून सहज ओढला. सर्रकन सगळी दुमड तिच्या हातात! मुलगी खदखदून हसली. जिन्यावरून मास्तरांचा खोकला ऐकू आला. त्यांना खोकला कधी नसतो.

पोराला रागवता येईना. मी बोलले कुठे?

पण पुढचं ऐका. बाईने मुलीला वळवलं, तिच्या अंगावरच्या ट्युनिकची कड उलटी केली. तोही आमचाच. आत चार बोटं तशीच्या तशी शिल्लक. "अगंबाई, मग नवा कशाला?" म्हणत मायलेकी निघून गेल्या. पोराचं तोंड बघवेना. आता तर माझं न बोलणंही महागात पडायला लागलं.

१८ तारीख, सोमवार

सहा दिवस लिहिलं नाही, हाताला सवड नव्हती. त्या बाईने शेजारणीला सांगितलं, तिने बहिणीला. रोज बायका जुने गणवेश घेऊन येतात. उलटे करतात, आत काय उरलंय बघतात. सोडून द्या, सैल करा, कोपराला ठिगळ लावा. चौकातल्या दुकानातले कपडेही येतात. त्यांच्यात सोडायला काही नसतंच, मग सूनबाई खाली वेगळी पट्टी जोडून देते. शिवणारी एक जण तर आता दिवसभर तेच करते. नव्या कपड्यांचं मात्र अजून काही खरं नाही.

सगळं माझ्यामुळे झालं, म्हणून पोराने माझी खुर्चीच हलवली. कोपऱ्यातून उचलली ती थेट दाराशी, पायरीच्या बाजूला. म्हणतो, "तिथे उजेड चांगला आहे, आई."

उजेड! मला कळत नाही का? टेबलापासून लांब नेऊन टाकलंय. पण त्याचा डाव फसलाच म्हणायचा, कारण आता येणारा जाणारा आधी माझ्यावरच आपटतो.

वर दुकानाची पाटीही रंगवून घेतली. बरोबर माझ्या डोक्यावर शिडी लावून रंगारी उभा. केसांत रंग पडला. पाटीत काय नवीन आहे देव जाणे, मान वर केली की मला गरगरतं. तेच नाव पुन्हा घोटलं असेल. शिवण बंद करायची आणि पाटी नवी करायची, हा कुठला शहाणपणा?

बायका मात्र पाटीकडे बघतात, माझ्याकडे बघतात, हसतात आणि हातातला कपडा माझ्या मांडीवर टाकतात. बहुतेक अजून केसांत रंग असावा.

२१ तारीख, गुरुवार

नातीने नवीन खूळ काढलंय आणि सूनबाई तिला सामील आहे. पोरांना अगदीच आखूड झालेले गणवेश लोकांकडून परत घ्यायचे, धुऊन नीट करून लहान मुलांना स्वस्तात द्यायचे. एक मोठी मांडणी रिकामी केली त्यासाठी.

मला हे पसंत नाही. मी घरात तिसरी मुलगी. थोरलीचं मधलीला, मधलीचं मला. लग्नात पहिल्यांदा कोरा कपडा अंगाला लागला. दुसऱ्याचं उतरलेलं कोण हौसेने घालेल? मी हे नातीला सांगितलं, घरात बोलायला बंदी नाही. ती म्हणाली, "आजी, लोक बदललेत." लोक नाही बदलत, कपडे बदलतात.

पण मांडणी भरली. गाठोडंच आलं.

आता लोक घेणारच असतील तर निदान त्यांची लाज तरी राखावी. आमच्याकडे प्रत्येक गणवेशाच्या कॉलरीत आतून पट्टी असते, काजवाली त्यावर दोऱ्याने पोराचं नाव काढते. हे नाव बघितलं की कळणारच, कुणाचं उतरलेलं आहे. दुपारी सगळे आत होते. मी ब्लेड घेतलं आणि गठ्ठ्यातल्या एकूण एक पट्ट्या उसवून काढल्या. कापडाला ओरखडा नाही. पट्ट्या बटणांच्या डब्यात टाकल्या. कुणाला काही बोलले नाही. बोलायचंच नाहीये ना!

२२ तारीख, शुक्रवार

माझी अक्कल कुठे चरायला गेली होती?

सकाळी एक काडीपैलवान मुलगी आईला ओढत आली. मांडणीपाशी जाऊन एकेका ट्युनिकची कॉलर उलटी करायला लागली. सगळे बघून झाले तसा ओठ बाहेर आला, आणि मग भोंगाच.

तिची आई म्हणाली, "तिच्या शाळेत गोलकीपर मुलगी आहे ना, मोठी, सगळ्यांची लाडकी. तिचा ट्युनिक इथे दिलाय असं कळलं. हिला तोच हवाय. नाव असतं म्हणे आत?"

मी जागच्या जागी गार. तोंड उघडलं, आठवलं, मिटलं. डबा उचलला आणि टेबलावर उपडा केला. बटणं घरंगळत गेली आणि मध्ये नावांचा ढीग.

सूनबाई डोक्याला हात लावून म्हणाली, "आई! कुणी सांगितलं होतं?"

कुणीच नाही. हीच तर भानगड. लाज राखायला गेले, आणि इथे पोरांना त्याच नावाचा केवढा मान! आमच्या वेळी मधलीचा झगा मला आला तर तो मधलीचा, म्हणजे काय मोठं? ती काही गोलकीपर नव्हती.

आता कुठला ट्युनिक कुणाचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. पोरगा खाली वाकून बटणं वेचायला लागला. तो बोलला असता तर बरं वाटलं असतं.

२७ तारीख, बुधवार

तोडगा नातीने काढला. ज्यांनी गणवेश दिलेत त्या सगळ्या पोरांना बोलावलं. या आणि आपापला ओळखा.

बाप रे बाप. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. पोरं, त्यांच्या आया, एकदोन बाप, शेजारची पोरं उगाच. मास्तर टेबलावर उभे राहून एकेक कपडा वर धरत होते.

"हा माझा! कॉलर बघा, मी चावायचो."

"बघा, बघा! आणि घरी विचारलं तर म्हणायचा, उंदराने खाल्ली."

एकीने शाईच्या डागावरून ओळखला. म्हणे डागाला बदकाचं तोंड आहे, आणि खरंच होतं. एका मुलाने तीन शर्ट आपलेच म्हणून सांगितले, त्याच्या आईने दोन परत ठेवायला लावले. गोलकीपर आली. चांगली उंच, धिप्पाड पोर. म्हणाली, "माझ्या डाव्या खिशाला आतून भोक आहे. शिट्टी लपवायला पाडलं होतं." भोक सापडलं. काडीपैलवान टाळ्या पिटायला लागली, काही केल्या भोक शिवू देईना.

काजवालीने तिथेच बसून पट्ट्या परत लावल्या. आणि कपडे घेणाऱ्या पोरांनी नवीनच मागणी काढली. जुनं नाव राहू दे, त्याच्या खाली माझं लावा. म्हणजे पुढच्या वेळी कुणी घेतलं तर दोन नावं. काजवाली म्हणाली, "आजी, अजून चार वर्षांनी कॉलर कमी पडेल."

गर्दीत आलेल्या आया काही तशाच गेल्या नाहीत. आतून कपडे बघितले, धाकट्यांची मापं देऊन गेल्या. नवे शिवायला. मी म्हणते, एवढी गर्दी झाल्यावर माणूस भिडेखातर काहीतरी घेतोच.

१ तारीख, सोमवार

काजवाली चौकातल्या काचेच्या दुकानात डोकावून आली. तिच्या वहिनीला साडीची पिन हवी होती म्हणून चौकात गेले असं सांगते, पण मला माहीत आहे, उघड उघड टेहळणी. परत आली ती पोट धरून.

"आजी, तिथे बायका सगळं उलटं करून बघतायत! एकीने शर्ट उलटा केला, दुसरीने पँट. तो विकणारा पोरगा रडकुंडीला आलाय. 'ताई, घडी मोडू नका, ताई, घडी मोडू नका.' एक जण म्हणाली, 'आत काही नाहीच की हो तुमच्या!' आणि टाकून गेली."

मला तर जरा लाजच वाटली. परक्याच्या दुकानात घड्या मोडायच्या म्हणजे काय? बिघडल्यात बाया. कुणी शिकवलं यांना?

नातीने ऐकलं आणि मला अशी मिठी मारली की सुई बोटात गेली.

९ तारीख, मंगळवार

जेवताना सूनबाई पोराला म्हणाली, "नवी शिलाई हळूहळू वाढतेय. दुरुस्तीने तर कंबर मोडली. अजून एक बाई लागेल."

तो म्हणाला, "दुरुस्तीवर दुकान चालतं का?"

"मग कशावर चालतंय सध्या?"

त्यावर तो पाणी प्यायला. तहान कसली, भांडं नंतरही भरलेलंच होतं.

मला आत कुठेतरी खात्री आहे की तो गोडबोल्याला हो म्हणणार. स्वस्त माल, डोक्याला ताप नाही. त्याच्या जागी मीसुद्धा कदाचित तेच केलं असतं, खोटं कशाला लिहू? संध्याकाळी वर गेले आणि मशिनांना तेल घातलं. विकायची असली तरी गंजलेली कशाला विकायची?

१५ तारीख, सोमवार

आज शाळा उघडली. सकाळी काडीपैलवान मुद्दाम आमच्या दारावरून गेली. खिशात हात घालून भोकातून बोट बाहेर काढून दाखवलं.

दुपारी गोडबोल्या आला. बूट तसेच चकचकीत, चेहरा मात्र उतरलेला. माताजी म्हणायलाही विसरला. खुर्चीवर टेकला आणि पोराला म्हणाला, "काय करून ठेवलंत हो तुम्ही लोकांनी? चौकातून माल परत यायला लागलाय. बायका आतून बघतात! इतकी वर्षं धंदा करतोय, आतून कुणी बघत नव्हतं."

मग पिशवीतून नवा ट्युनिक काढला. "पण आम्हीही शिकलोय. बघा, आता माया ठेवतो. शिवणाऱ्या बायांना गाठ मारायला वेळही वाढवून दिलाय, काय करणार, दोरे ओढतात लोक. तेव्हा आता तुम्हाला हरकत नसावी. काय, करायचं का नक्की?"

जिन्यावर सूनबाई उभी, तिच्या मागे काजवाली, तिच्या मागे मास्तर. मी बटण लावत होते. एकाच भोकातून चार वेळा दोरा घातला.

पोराने ट्युनिक हातात घेतला. दोन्ही खांदे धरले, झटक्यात उलटा केला, टेबलावर पसरला. तळव्याने सपाट केला. बोटं टेकवून माया मोजली. दोन बोटं. दोरा ओढून बघितला, सुटला नाही. मग मांडणीवरचा आमचा एक काढला, उलटा करून त्याच्या शेजारी ठेवला. आणि हाताची घडी घालून गप्प उभा राहिला.

माझं काळीज हललं वगैरे काही नाही. पण कपडा सपाट करायची ती पद्धत माझीच आहे, तळवा आधी, बोटं नंतर. हा कधी शिकला?

गोडबोल्याने दोन्हींकडे बघितलं. मग हसला. पहिल्यांदाच खरंखुरं हसला तो. "म्हणजे नाही," म्हणाला.

"म्हणजे नाही," पोरगा म्हणाला. "पण तुमचा सुधारलाय. अजून दोन बोटं वाढवा."

"वाढवतो. नाही तर तुमच्या बाया मला उलटा करून बघतील."

जाताना पायरीवर थांबला, वर बघितलं आणि मोठ्याने वाचलं, "'घेण्याआधी आतून बघा. कळलं नाही तर दाराशी आजी आहेत, त्यांना दाखवा.' असं आहे होय! पाटीवरच लावलंय तुम्ही." मला वाकून नमस्कार करून गेला.

म्हणजे महिनाभर मी त्या पाटीखाली बसलेय, आणि मला कुणी सांगितलं नाही. मी तिथेच पोराला जाब विचारणार होते, पण बंदी आठवली.

तोच म्हणाला, "आई, शाळा उघडली. आता बोल."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सूनबाई, नात, मास्तर, सगळे. इतक्या दिवसांचं पोटात साठलेलं, वाटलं आता सगळं बाहेर काढावं. पण ऐन वेळी काय सुचेल तर शपथ.

मी म्हटलं, "पांढरी बटणं संपलीत. चार भोकांची आण, दोन भोकांची तुटतात."

"आणतो," म्हणाला आणि नाक ओढत आत गेला. सर्दी झाली असणार. रोज सांगते, पंख्याखाली झोपू नकोस.